दहाचा पाना आणि गाडीची आठवण

गॅरेजमध्ये नवा एअर फिल्टर बसवून झाला की तिथला मुलगा दहाचा पाना घेतो, बॅटरीचा निगेटिव्ह सैल करून बाजूला काढतो आणि सांगतो, "साहेब, पंधरा मिनिटं थांबा. कॉम्प्युटर रीसेट होऊ दे, मग बघा पिकअप." आपण समोरच्या टपरीवर चहा घेतो. पंधरा मिनिटांनी टर्मिनल परत बसतं, गाडी चालू होते आणि घरी जाताना ती खरंच थोडी मोकळी झाल्यासारखी वाटते. आठवड्याभरात तो मोकळेपणा ओसरतो. मग कुणी म्हणतं फिल्टर डुप्लिकेट होता, कुणी म्हणतं परत एकदा रीसेट मारून बघ.

त्या पंधरा मिनिटांत गाडीच्या आत नेमकं काय झालं, हे ना तो मुलगा सांगतो, ना आपण विचारतो. मी स्वतः अशा तीन रीसेटचे पैसे मोजले, तेव्हा कुठे विचारायला लागलो. जे कळलं ते अवघड नाही. ते आधी कळलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास किंवा डॅशबोर्डच्या आत बसवलेली एक चपटी पेटी. पेट्रोल गाडीत तिच्याकडे कामं पुष्कळ असली तरी मूळ काम एकच आहे. इंजिनाने आत्ता किती हवा ओढली ते ओळखायचं आणि तेवढ्या हवेत पूर्ण जळेल इतकंच पेट्रोल सोडायचं. शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण वजनाने मोजलं तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा असं पडतं. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. कार्बोरेटरच्या जमान्यात जुने मिस्त्री हेच काम स्क्रू फिरवून, कान लावून आणि स्पार्क प्लगचा रंग बघून करायचे. काळा प्लग म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, विटकरी असला की जमलं. ईसीयू हे काम दर सेकंदाला कितीतरी वेळा करतो.

त्यासाठी कंपनी कारखान्यातच ईसीयूमध्ये तक्ते भरून देते. इतके आरपीएम, इतका लोड, इतकं तापमान असेल तर इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, इतके मिलिसेकंद उघडा. पण रस्त्यावरची कुठलीच गाडी त्या तक्त्याबरहुकूम राहत नाही. इंजेक्टरवर मळ धरतो, पंपाचा दाब थोडा उतरतो, फिल्टरमध्ये धूळ बसते, पेट्रोल बदलतं. म्हणून ईसीयूला तक्त्याच्या शेजारी स्वतःच्या दुरुस्त्या लिहायची मुभा दिलेली असते.

माझ्या आईकडे पाककृतींचं एक जुनं छापील पुस्तक आहे. त्यात 'मीठ दोन चमचे' असं छापलंय आणि समासात तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'आपल्या चमच्याने दीडच'. ईसीयूची स्मृती अगदी अशीच आहे. छापलेलं पान म्हणजे कंपनीचा तक्ता. समासातली पेन्सिल म्हणजे तुमच्या गाडीने तुमच्या रस्त्यांवर चालताना शिकलेलं. बॅटरीचा निगेटिव्ह काढला की खोडरबर फिरतं ते फक्त पेन्सिलीवर. छापील मजकुरातला एक काना-मात्रासुद्धा हलत नाही.

रीसेट आणि रीमॅप हे दोन शब्द गॅरेजमध्ये सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे तो इथे. रीमॅप म्हणजे छापील पानच बदलणं. त्याला लॅपटॉप लागतो, जाणकार माणूस लागतो आणि पैसे लागतात. रीसेट म्हणजे समास कोरा करणं. कोऱ्या समासाने ताकद वाढत नाही.

पेन्सिल कोण चालवतं

सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या अगदी जवळ, एक ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याला लॅम्डा सेन्सरही म्हणतात. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत पहिल्यांदा आला आणि पुढे जगभरच्या पेट्रोल गाड्यांत पसरला. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. ती साधारण ३०० अंशांच्या पुढे तापली की जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय त्यानुसार व्होल्टेज देते. मिश्रण रिच असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१ च्या आसपास. बरोबर मध्यावर ०.४५. नव्या गाड्यांत याहून बारकाईने मोजणारा वाइडबँड सेन्सर येतो, पण तत्त्व तेच.

ईसीयू तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो आणि लगेच सेन्सरकडे बघतो. लीन दिसलं तर थोडं वाढवतो, रिच दिसलं तर थोडं कमी करतो. या क्षणाक्षणाच्या दुरुस्तीला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. समजा ही दुरुस्ती बराच वेळ अधिक आठ टक्क्यांवरच राहिली. मग ईसीयू ठरवतो की आता ही रोजचीच गोष्ट आहे, आणि ते आठ टक्के लाँग टर्म ट्रिममध्ये लिहून टाकतो. शॉर्ट टर्म परत शून्याजवळ येते. पेन्सिलीची नोंद म्हणतोय ती हीच, लाँग टर्म ट्रिम. ती एकच एक आकडा नसते. बऱ्याच गाड्यांत आयडलसाठी, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानासाठी, वेगळी, शहरातल्या चालीसाठी वेगळी, हायवेसाठी वेगळी असे तिचे खाने असतात.

एक गोष्ट इथे बहुतेकांची गल्लत करते. स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम अधिक बारा दिसली म्हणजे गाडी लीन चालतेय असं नाही. गाडी लीन चालली असती, पण ईसीयूने बारा टक्के जास्त पेट्रोल सोडून ती सावरलीय, असा त्याचा अर्थ. म्हणजे हा आकडा आजार सांगत नाही, औषधाचा डोस सांगतो. डोस अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको. दहाच्या पुढे गेला तर कारण शोधावं. वीस-पंचवीसच्या घरात गेला की ईसीयू हात टेकतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि कोड लिहितो. पी०१७१ म्हणजे लीन, पी०१७२ म्हणजे रिच.

नवा पार्ट बसला की काय बदलतं

काही वेळा काहीच बदलत नाही. मूळ डब्यातच बसणारा, फक्त कापडी पडद्याचा धुऊन वापरायचा फिल्टर टाकला तर ईसीयूच्या दृष्टीने ती बातमीच नाही. हवा थोडी सोपी आली तरी ती मोजूनच आत येते. अशा फिल्टरसाठी रीसेट मारायची अजिबात गरज नाही. काळजी घ्यायची ती तेलाची. हे फिल्टर धुतल्यावर त्यांना तेल लावतात. ते जास्त झालं तर पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसतं आणि तो सेन्सर चुकीचं मोजायला लागतो.

ही तार महत्त्वाची आहे. हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत मॅप सेन्सर असतो. तो इंटेक मॅनिफोल्डमधला दाब बघतो आणि त्यावरून हिशेब करतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या अशा आहेत. दुसऱ्या पद्धतीत मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्याची तापलेली तार वाहत्या हवेने किती गार होते त्यावरून हवेचं वजन कळतं. फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर आणि नवा जाड पाइप बसवला की गडबड होते ती या दुसऱ्या पद्धतीत.

हिशेब करून बघा. सेन्सर ज्या नळीत बसतो ती मुळात ६० मिलिमीटर व्यासाची होती आणि नवी ६६ ची आली, असं धरू. व्यास दहा टक्के वाढला, पण नळीचं तोंड क्षेत्रफळाने २१ टक्के मोठं झालं. तेवढीच हवा आता मोठ्या तोंडातून सावकाश जाते. तार कमी गार होते. ईसीयूला वाटतं हवा कमी आली, तो पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की लीन, लीन. ट्रिम चढत जाते आणि अधिक वीसच्या आसपास जाऊन थांबते. आता बॅटरीचा निगेटिव्ह काढा. ट्रिम शून्य. गाडी सुरू करा, दोन-तीन दिवस चालवा. ट्रिम पुन्हा वीस. नळीचा व्यास रीसेटने बदलत नाही.

उघड्या कोन फिल्टरची आणखी एक बाजू आहे. मूळ डबा हवा बहुतेक वेळा ग्रिलच्या मागून, बाहेरून घेतो. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तिशीतल्या तापमानाला हवा दहा अंशांनी तापली की ती सव्वातीन टक्क्यांनी विरळ होते. मे महिन्यात सोलापूर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली काय तापमान असतं ते हात घालून बघितलेल्याला माहीत आहे. आवाज मर्दानी येतो, पण सिलिंडरमध्ये पोचणारी हवा कमीच भरते.

सायलेन्सरचं थोडक्यात सांगतो. कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या मागचा डबा बदलला तर ट्रिमला फारसा फरक पडत नाही. पण पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचा जोड नीट बसला नाही तर त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि गाडी खरी लीन नसताना ईसीयू पेट्रोल ओततो. ॲव्हरेज पडतं, आणि जास्तीचं पेट्रोल जळत जळत कॅटमध्ये पोचलं की महागडं कॅट जातं. कॅटच काढून टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की असं करू नका. कॅटच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला ते कळतं, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नाकालाही.

माझी वही

माझ्याकडे जुनी पेट्रोल सेडान आहे, मास एअर फ्लो सेन्सरवाली. तिला हौसेने कोन फिल्टरचं किट बसवलं. पाइप मूळ व्यासाचाच होता, म्हणजे वरचा हिशेब लागू नव्हता. तरी आठवड्याने सिग्नलला उभी असताना आरपीएम खालीवर डोलायला लागले. एसी लावला की जास्त. ज्या गॅरेजात बसवलं तिथे नेली. निगेटिव्ह काढला, लावला, गाडी छान. पाच दिवसांनी परत तेच. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मला सांगण्यात आलं की ईसीयूच गेलाय, बदलावा लागेल. तो आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

मग ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल घेतला, ईसीयूतले आकडे वाचणारा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात तो बसतो आणि मोबाइलच्या ॲपवर सगळे आकडे दिसतात. गाडी चांगली तापवली, अंगणात उभी केली आणि मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो. आयडलला लाँग टर्म अधिक १७. ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम २५०० वर धरले तर तीच अधिक ४. पुन्हा सोडलं, १७. पुन्हा २५०० वर, ४.

हा फरक बोलका आहे. पाइपाचा व्यास चुकला असता तर आयडल असो की २५००, ट्रिम सगळीकडे सारखीच चढली असती. आयडलला जास्त आणि वर गेल्यावर कमी, याचा अर्थ कुठून तरी थोडीशी हवा न मोजता आत शिरतेय. आयडलला इंजिन मुळातच कमी हवा घेतं, त्यामुळे चोरून आलेल्या थोड्या हवेचाही वाटा मोठा पडतो. २५०० वर एकूण हवा भरपूर, तिथे ती चोरी दिसेनाशी होते. दुधात पाणी तेवढंच, फक्त पातेलं मोठं.

टॉर्च घेऊन पाइपावरून हात फिरवत गेलो. इंजिनाच्या टोपीवरून एक ब्रीदर पाइप निघतो, अंगठ्याएवढा जाड, तो इंटेक पाइपाला सेन्सरच्या पुढे, म्हणजे हवा मोजून झाल्यानंतरच्या भागात, जोडलेला असतो. नव्या पाइपावरची ती बारकी नळी मूळ नळीपेक्षा अंमळ लहान होती. रबर वरून चढवलेलं दिसत होतं, पण बोट लावलं की गोल फिरत होतं. क्लिप नव्हतीच. तिथून न मोजलेली हवा इंजिनाच्या पोटात शिरून पुढे मॅनिफोल्डमध्ये जात होती. हार्डवेअरच्या दुकानातून होज क्लिप आणली, घट्ट आवळली. मग मी स्वतः रीसेट मारला, आणि माझ्या मते त्या गाडीवरचा हा पहिलाच योग्य रीसेट होता. चार दिवसांनी वहीत लिहिलं: आयडल अधिक ३, २५०० वर अधिक ३.

तीनदा निगेटिव्ह काढून झालं काय होतं? ईसीयूने माझ्यासाठी समासात लिहून ठेवलेला पुरावा तीनदा खोडला गेला होता. १७ आणि ४ हे आकडे पहिल्याच दिवशी कुणी वाचले असते तर ब्रीदर पाइप पाच मिनिटांत सापडला असता. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: खोडण्याआधी वाचा. डोंगल नसेल तर गॅरेजवाल्याला म्हणा, "दादा, निगेटिव्ह नंतर काढा, आधी स्कॅनर लावून ट्रिम सांगा. आयडलचा आणि अडीच हजारचा." चांगला मिस्त्री यावर खूश होतो. ज्याला राग येतो त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

मग रीसेटनंतर गाडी मोकळी का वाटते?

वाटते ते खोटं नसतं. कारणं दोन-तीन आहेत. एक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि तक्ता अधिक शिकलेलं यावर चालतो. शिकलेलं पुसलं की तिथलं पेट्रोलचं माप बदलतं. दुसरं कारण इग्निशनचं. इंजिनात नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणारी टकटक, होऊ लागलं की नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडायला शिकतो. पेट्रोल हलकं भरलं असेल, इंजिनात कार्बन असेल तर हा उशीर अंगवळणी पडतो आणि गाडी सुस्त होते. रीसेटने तो उशीर पुसला जातो, गाडी चपळ वाटते, आणि परत नॉकिंग झालं की ईसीयू परत उशीर शिकतो. म्हणजे तो मोकळेपणा उसना असतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सनेही तुमच्या चालवण्याच्या सवयी शिकलेल्या असतात. त्याही काही गाड्यांत पुसल्या जातात आणि गिअर पडण्याची तऱ्हा काही दिवस वेगळी वाटते.

खरी गरज कधी असते, तर दोष सापडून दुरुस्त झाल्यावर, किंवा असा पार्ट बदलल्यावर की ज्यामुळे जुन्या नोंदी एकदम चुकीच्या ठरतात. जुने तुंबलेले इंजेक्टर काढून नवे घातले, एअर फ्लो सेन्सर बदलला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. अशा वेळी ईसीयू जुना डोस नव्या तब्येतीला देत राहतो आणि शिकून सावरेपर्यंत गाडी मिसिंग मारते किंवा आयडलला बंद पडते. तिथे समास कोरा करून देणं शहाणपणाचं आहे.

आणि एक, हल्ली फार विचारलं जातं ते. शुद्ध पेट्रोलला १४.७ हवा लागते तशी इथेनॉलला ९ च लागते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. वीस टक्के इथेनॉलचं ई२० पेट्रोल साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या गाडीत ई२० पडायला लागल्यावर ट्रिम काही टक्के वर सरकणं हे ईसीयू नीट शिकतोय याचं लक्षण आहे. त्याच सुमाराला फिल्टर बदलला असेल तर दोष फिल्टरवर टाकू नका, आणि त्यासाठी रीसेटही मारू नका. टाकीत तेच पेट्रोल आहे, तो परत तेच शिकेल.

करायचाच असेल तर

स्कॅनरने करणं सर्वांत बरं. कोड क्लिअर केले की बऱ्याच गाड्यांत ट्रिमही शून्य होतात, आणि चांगल्या स्कॅनरवर 'ॲडॅप्टेशन रीसेट' असा वेगळा पर्याय असतो. घड्याळ, म्युझिक सिस्टिम, काचांची सेटिंग जागच्या जागी राहतात.

बॅटरीच काढायची असेल तर आधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. किल्ली बंद केल्यावर लगेच पाना लावू नका. ईसीयू किल्ली बंद झाल्यावरही थोडा वेळ जागा असतो, थ्रॉटल जागेवर आणतो, नोंदी लिहून घेतो. दहा मिनिटं जाऊ द्या. मग निगेटिव्ह काढा, आणि फक्त निगेटिव्हच. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हवर पाना लावला आणि तो बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट, ठिणग्या, आणि हाताला भाजतं ते वेगळं. काढलेली वायर फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा, ती आपोआप सरकून परत टेकायला नको. दोन्ही वायरी एकमेकींना टेकवायचा प्रयोग काही लोक सांगतात, तो नको.

पंधरा मिनिटं ते अर्धा तास पुरतं. पण नव्या पुष्कळ गाड्यांत शिकलेलं ज्या चिपवर लिहितात तिला वीज गेली तरी काही होत नाही. तिथे रात्रभर बॅटरी काढून ठेवली तरी ट्रिम तश्शीच राहते, फक्त घड्याळ बारावर येतं. काचा 'ऑटो' वर जायच्या बंद होतात, काही गाड्यांत स्टिअरिंगचा दिवा लागतो आणि पूर्ण डावी-उजवी वळवल्यावर जातो. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत ती सोय काही काळ चालत नाही. घाबरू नका, पण या सगळ्यासाठी काय करायचं ते मॅन्युअलमध्ये आधी वाचून ठेवा. डिझेल गाडीला हा सगळा खटाटोप करू नका. तिचं गणित वेगळं आहे, आणि बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी किती साठली याचा हिशेब ईसीयू ठेवतो. तो माहीत नसताना स्कॅनरने शून्य केला तर भरलेला फिल्टर ईसीयूला रिकामा वाटतो.

परत जोडल्यावर गाडीला शिकायला वेळ द्या. एक्सिलरेटरला पाय न लावता सुरू करा, पूर्ण तापेपर्यंत आयडलवर ठेवा, मग दोन-तीन मिनिटं एसी लावून. आयडल शिकण्यासाठी हे लागतं. नंतर पन्नास-साठच्या वेगाने एका लयीत काही किलोमीटर, मधूनच एक्सिलरेटर सोडून ब्रेक न लावता वेग उतरू द्यायचा, थोडं शहर, थोडा चढ. पुण्यातला माणूस असेल तर साताऱ्याकडे खंबाटकीपर्यंत जाऊन परत यावं, सगळे खाने भरून निघतात. पहिले दोन दिवस गाडी कशी वाटते यावर नव्या पार्टची परीक्षा करू नका. एक टाकी संपू द्या.

सीएनजी लावलेल्यांसाठी

महाराष्ट्रात बाहेरून सर्रास बसणारा आणखी एक 'पार्ट' आहे, फिल्टरही नव्हे, सायलेन्सरही नव्हे. तो सीएनजी किट. आणि रीसेटचा मोठा गोंधळ तिथेच आहे.

सिक्वेन्शियल किटला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर असलेल्या किटला, स्वतःचा छोटा ईसीयू असतो. तो पेट्रोलच्या ईसीयूचा इंजेक्टरला जाणारा इशारा मधल्या मध्ये पकडतो. पेट्रोलचा ईसीयू म्हणतो, चार मिलिसेकंद. गॅसचा ईसीयू त्याला स्वतःच्या तक्त्याने गुणतो आणि गॅसचा इंजेक्टर तेवढा वेळ उघडतो. पेट्रोलच्या ईसीयूला याचा पत्ता नसतो. त्याला वाटतं आपण पेट्रोलच सोडतोय. ऑक्सिजन सेन्सर मात्र गॅस जळून आलेला वायू बघतो.

आता गॅसचं मॅपिंग, म्हणजे हा गॅसचा तक्ता, पंधरा टक्के कमी पडलं, तर? सेन्सर लीन सांगतो, पेट्रोलचा ईसीयू अधिक पंधरा शिकतो आणि ते पेट्रोलच्या समासात लिहून ठेवतो. तुम्ही दिवसभर गॅसवर फिरता. सकाळी गाडी नेहमीप्रमाणे पेट्रोलवर सुरू होते आणि पेट्रोलला गरज नसताना पंधरा टक्के जास्त पेट्रोल पडतं. धूर, वास, मिसिंग, खराब प्लग. लोक म्हणतात, 'सीएनजी लावल्यापासून पेट्रोलवर गाडी बिघडली.' पेट्रोलवर काहीच बिघडलेलं नसतं, गॅसने शिकवलेली चूक पेट्रोल भोगत असतं. रीसेट मारला की एक दिवस छान चालते, कारण गॅसने अजून परत शिकवलेलं नसतं.

बरोबर क्रम असा आहे. किट लावायच्या आधी गाडी पेट्रोलवर नीट आहे का ते ट्रिम बघून ठरवायचं. बिघाड असेल तर तो काढून रीसेट करायचा आणि पेट्रोलवर दोन-चारशे किलोमीटर चालवायची. मग किट लावून गॅसचं मॅपिंग असं जमवायचं की गॅसवर असताना ट्रिम पेट्रोलवरच्या ट्रिमइतकीच राहील. हे लॅपटॉप लावून, गाडी रस्त्यावर चालवून करावं लागतं. जागेवर उभं राहून 'ऑटो कॅलिब्रेशन'चं बटण दाबलं की झालं, असं नसतं. किट लावणाऱ्याकडे हे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. किटची नोंद आरसी बुकवर हवीच, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी. तिचा रीसेटशी संबंध नाही, जिवाशी आहे.

कायद्याचंही एक सांगून ठेवतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने मंजूर केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. नवी गाडी असेल तर वॉरंटीचा आणि विम्याचा कागद आधी वाचा. ज्यांची मुलं-भावंडं कॅलिफोर्नियात आहेत त्यांनी त्यांना आणखी एक सांगावं. तिथल्या स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीत, २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांचा मुख्यतः ओबीडीच वाचतात. टेस्टच्या आदल्या दिवशी बॅटरी काढून चेक इंजिनचा दिवा घालवला तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या दिसतात आणि गाडी नापास होते. शिवाय तिथे बाहेरच्या इंटेकवर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक लागतो.

माझी गाडी आता मूळ डब्यातल्या साध्या कागदी फिल्टरवर परत आलीय. कोन काढताना ब्रीदर पाइपही परत मूळ नळीवर गेला, यावेळी क्लिपसकट. डोंगल ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, गणिताची वहीही. कालचा आकडा आयडलला अधिक २, अडीच हजारला अधिक ३, टाकीत ई२०, एसी चालू.